तीन वर्षांत एमडी आणि पुढे फॅमिली मेडिसिन: वर्ष वाचतं ते नेमकं कुठून?

निरगुडी (धागालेखक)

अमेरिकेत डॉक्टर होण्याचा नेहमीचा हिशोब असा: कॉलेज चार वर्षं, मेडिकल स्कूल चार, मग रेसिडेन्सी, म्हणजे रुग्णालयात पगारी काम करत एका शाखेचं प्रशिक्षण. फॅमिली मेडिसिन, जनरल इंटर्नल मेडिसिन आणि बालरोग या तिन्हींची रेसिडेन्सी तीन वर्षांची. यातली मेडिकल स्कूलची चार वर्षं तीनवर आणणारे कार्यक्रम गेल्या पंधरा वर्षांत बरेच निघाले. त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी अट अशी की पुढे प्राथमिक सेवेतलाच, म्हणजे या तीन शाखांतलाच, डॉक्टर व्हायचं. याबद्दलचे प्रश्न वेगवेगळ्या धाग्यांवर विखुरलेले आहेत, म्हणून हा वेगळा धागा.

दोन गोष्टी आधीच सांगते, कारण पुढचे निम्मे प्रश्न तिथूनच येतात. एक, इथे एमडी म्हणजे पहिली वैद्यकीय पदवी, पदव्युत्तर नव्हे. दोन, रेसिडेन्सी कमी होत नाही. ती पूर्ण ३६ महिन्यांचीच राहते. चार अधिक तीन अशा सातांऐवजी तीन अधिक तीन अशी सहा वर्षं लागतात, एवढाच फरक.

आता वर्ष कुठून निघतं ते. एमडी देणाऱ्या शाळांना मान्यता देणारी संस्था एलसीएमई. तिचा नियम आठवड्यांत मोजलेला आहे: किमान १३० आठवड्यांचं शिक्षण. तीन वर्षांत आठवडे फार तर १५६. म्हणजे हातात राहिले २६, आणि त्यात सुट्ट्या, परीक्षेची तयारी, आजारपण, घरचं लग्नकार्य सगळं बसवायचं. चार वर्षांचे आठवडे २०८, तिथे हीच शिल्लक ७८ निघते. (कागदावरची शिल्लक म्हणा, बऱ्याच चार वर्षांच्या शाळा १३० च्या वर शिकवतात.)

त्यामुळे बहुतेक ठिकाणी कात्री तीन जागी लागते: पहिल्या वर्षानंतरची उन्हाळी सुट्टी, चौथ्या वर्षातली ऐच्छिक सत्रं, आणि रेसिडेन्सीच्या मुलाखतींसाठी मोकळे ठेवलेले महिने. मुख्य क्लर्कशिप, म्हणजे वॉर्डातलं आणि ओपीडीतलं शिकणं, सहसा कापत नाहीत.

माहीत असावेत असे काही कार्यक्रम: पेनसिल्व्हेनियातल्या लेकॉमचा प्राइमरी केअर स्कॉलर्स पाथवे (२००७ पासून, पदवी डीओ, म्हणजे एमडीच्या बरोबरीची ऑस्टिओपॅथिक पदवी), टेक्सास टेकचा फॅमिली मेडिसिन अ‍ॅक्सिलरेटेड ट्रॅक ऊर्फ एफमॅट (पहिली तुकडी २०१३ ला बाहेर पडली), जॉर्जियातलं मर्सर विद्यापीठ, पेनसिल्व्हेनियातलं पेन स्टेट, नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा 'फर्स्ट' नावाचा कार्यक्रम, कैसर पर्मनंटे या आरोग्यसंस्थेच्या साथीने २०१४ ला सुरू झालेला कॅलिफोर्नियातल्या यूसी डेव्हिसचा एस-पीसी. न्यूयॉर्क विद्यापीठाने (एनवाययू) २०१३ ला सगळ्याच शाखांसाठी तीन वर्षांची वाट उघडली. पुढे २०१९ ला त्यांची लाँग आयलंडची शाळा सुरू झाली, तिथला अख्खा वर्गच तीन वर्षांचा, आणि भर प्राथमिक सेवेवर.

ज्यांना आतली माहिती आहे त्यांनी भर घालावी.

अर्धविराम

चांगला धागा. फक्त "गेल्या पंधरा वर्षांत निघाले" याला एक पुरवणी. हे सगळे एकदा करून झालेले आहे, आणि मोडलेलेही आहे.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी शाळांनी सुट्ट्या काढून टाकल्या आणि चार सत्रे सलग तीन वर्षांत शिकवली. युद्ध संपल्यावर ते थांबले. मग १९७१ च्या काँप्रिहेन्सिव्ह हेल्थ मॅनपॉवर ट्रेनिंग अ‍ॅक्टने शाळांना विद्यार्थ्यामागे अनुदान दिले आणि तीन वर्षांत पदवी देणाऱ्यांना जादा पैसे. सत्तरच्या दशकाच्या मध्यापर्यंत सुमारे पाव शाळांत तीन वर्षांचा अभ्यासक्रम होता. अनुदान आटले तसे दशक संपता संपता बहुतेक शाळा चारवर परतल्या.

त्या मुलांचे निकाल वाईट नव्हते. परीक्षेत आणि रेसिडेन्सीत ती साधारण इतरांइतकीच उतरली. मोडले ते दुसरीकडे. तेच प्राध्यापक बारा महिने शिकवू लागले, संशोधनाला वेळ उरला नाही, ते वैतागले. विद्यार्थी थकले. कोणती शाखा घ्यावी हे ठरवायला त्यांना उसंत मिळाली नाही. आणि तेव्हा जवळजवळ सरसकट सगळ्या वर्गाला तीन वर्षांत बसवले होते. आजच्या कार्यक्रमांनी यातून एक गोष्ट बरोबर उचलली: आधी शाखा ठरलेला विद्यार्थी निवडायचा, मग त्याचे वर्ष कमी करायचे.

आणखी एक जुना प्रयोग वेगळा ओळखावा. १९८९ मध्ये फॅमिली मेडिसिनच्या बोर्डाने मेडिकल स्कूलचे चौथे वर्ष हेच रेसिडेन्सीचे पहिले वर्ष धरायला परवानगी दिली. डझनभर ठिकाणी ते चालले आणि २००० नंतर लवकरच बंद झाले. एकच वर्ष पदवीतही मोजायचे आणि रेसिडेन्सीतही, हे मान्यता देणाऱ्यांना पटेना. आजच्या तीन-अधिक-तीनमध्ये ती दुहेरी मोजणी नाही. पदवी आधी हातात येते, मग रेसिडेन्सी सुरू.

खडीसाखर

परवान्यासाठीच्या स्टेप १ आणि स्टेप २ या परीक्षा या वेळापत्रकात कुठे बसवतात? चार वर्षांतच मुलांची दमछाक होते.

बोरूबहाद्दर

खडीसाखर, नमुना वेळापत्रक देतो. शाळेगणिक महिना-दोन महिने इकडे-तिकडे धरा.

पहिलं वर्ष: जून-जुलैत सुरुवात, इतरांपेक्षा चार-सहा आठवडे आधी. शरीररचना, शरीरक्रिया, मग अवयवसंस्थांचे ब्लॉक. त्यासोबत आठवड्यातून अर्धा दिवस फॅमिली मेडिसिनच्या क्लिनिकात, आणि शक्यतो त्याच क्लिनिकात जिथे पुढे रेसिडेन्सी करायची. पुढचा उन्हाळा आला की बाकीचे सुट्टीवर, आणि हे आठेक आठवड्यांच्या सघन क्लिनिकल कोर्सला.

दुसरं वर्ष: उरलेले ब्लॉक फेब्रुवारी-मार्चपर्यंत. स्टेप १ ची एकाग्र तयारी चार ते पाच आठवडे; चार वर्षांवाल्यांना सहा ते आठ मिळतात. एप्रिलच्या आसपास परीक्षा, लगेच क्लर्कशिप.

तिसरं वर्ष: क्लर्कशिप चालूच. सप्टेंबरात रेसिडेन्सीचा अर्ज. स्टेप २ (पूर्ण नाव स्टेप २ सीके) नोव्हेंबर ते जानेवारीत कधीतरी. फेब्रुवारीअखेर किंवा मार्चच्या सुरुवातीला पसंतीयादी, मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी मॅच (दोन्हीकडच्या पसंतीयाद्या जुळवून कोणाला कुठली रेसिडेन्सी मिळाली त्याचा निकाल), मेमध्ये पदवी, १ जुलैला इंटर्न, म्हणजे रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षाचा डॉक्टर.

स्टेप १ चं ओझं एका बाबतीत कमी झालं. २६ जानेवारी २०२२ पासून तिथे फक्त पास-नापास. आकड्यासाठी दोन महिने घासायची गरज राहिली नाही, त्यामुळे चार आठवड्यांची तयारी शक्य कोटीत आली. पण आकड्याचं सगळं वजन आता स्टेप २ सीकेवर गेलं आणि तीन वर्षांवाल्याची ती परीक्षा क्लर्कशिप चालू असताना पडते. नऊ तासांची, ३१८ पर्यंत प्रश्नांची परीक्षा, आणि आदल्या आठवड्यात सर्जरीची ड्यूटी. नेहमी चुकतं ते इथे. उपाय म्हणजे प्रत्येक क्लर्कशिपच्या शेवटी येणारी शेल्फ परीक्षा हीच स्टेप २ ची तयारी समजायची, रोज पंधरा-वीस प्रश्न सुरुवातीपासून सोडवायचे, आणि इंटर्नल मेडिसिनची क्लर्कशिप परीक्षेच्या जितकी जवळ मिळेल तितकी मागून घ्यायची. ती सुरुवातीला उरकली असेल तर डिसेंबरपर्यंत निम्मं विसरायला होतं.

स्टेप १ नापास झाली तर? पुन्हा बसायला किमान दीड-दोन महिने जातात आणि शिल्लक आठवडे तिथेच संपतात. बहुतेक शाळा अशा वेळी विद्यार्थ्याला चार वर्षांच्या वर्गात सरकवतात. याला तिथे 'डिसेलरेट होणं' म्हणतात. ही शिक्षा नव्हे, पण शिष्यवृत्तीच्या कागदांवर त्याचे परिणाम असू शकतात. टाकसाळ यांनी त्यावर लिहावं.

निरगुडी

सप्टेंबरच्या अर्जाचा मुद्दा जरा सावकाश समजून घेण्यासारखा आहे, बोरूबहाद्दर घाईत ओलांडून गेले.

चार वर्षांचा विद्यार्थी अर्ज करतो तेव्हा त्याच्या सगळ्या मुख्य क्लर्कशिप झालेल्या असतात. डीनचं पत्र (विद्यार्थ्याच्या कामगिरीचा शाळेचा अहवाल) भरलेलं असतं, श्रेणी असतात, शिफारसपत्रं असतात, बहुधा स्टेप २ चा आकडाही. तीन वर्षांवाल्याच्या पत्रात त्या वेळी निम्म्याच क्लर्कशिप असतात. त्याला न ओळखणारा रेसिडेन्सी संचालक हा अर्ज उघडतो तेव्हा त्याला अपुरा विद्यार्थी दिसतो.

म्हणूनच या कार्यक्रमांचा खरा कणा आहे ठरलेली रेसिडेन्सी. या वाटेवर घेतानाच त्या गावच्या फॅमिली मेडिसिन रेसिडेन्सीचे लोक मुलाखतीला बसतात आणि सशर्त जागा देतात. शर्ती साधारण अशा: सगळ्या क्लर्कशिप पास, दोन्ही स्टेप पहिल्या फटक्यात पास, वर्तनाची तक्रार नाही. एफमॅटमध्ये लबक, अ‍ॅमरिलो किंवा पर्मियन बेसिन यांपैकी एका रेसिडेन्सीशी जोडतात. अनेक ठिकाणी नाव तरीही मॅचमधूनच जातं. विद्यार्थी आणि रेसिडेन्सी दोघं एकमेकांना वर ठेवतात. दहा ठिकाणी मुलाखतींना फिरायचं नाही, त्यातच दोन-तीन महिने वाचले.

ज्या तीन वर्षांच्या शाळेत अशी जोडणी नाही, तिच्याबद्दल मी दहा वेळा विचार करायला सांगेन. वर्ष वाचलं आणि मॅच हुकली तर मिळवलं काय?

टाकसाळ

पैशाची बाजू.

नुसतं "एका वर्षाची फी वाचते" म्हणून सोडू नका. व्याजही धरा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या (कर्जाच्या नियमांत मेडिकलचेही त्यांतच येतात) केंद्रीय कर्जावर व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. २०२५-२६ चा दर ७.९४ टक्के. सोपं उदाहरण: दरवर्षी सुरुवातीला ५०,००० डॉलर उचलले, दर सारखाच राहिला, पदवीपर्यंत सरळव्याज.

तीन वर्षं: मुद्दल १,५०,०००. पहिली उचल तीन वर्षं चढते, दुसरी दोन, तिसरी एक, व्याज २३,८२०. एकूण १,७३,८२०.
चार वर्षं: मुद्दल २,००,०००, व्याज ३९,७००. एकूण २,३९,७००.
फरक ६५,८८०. त्यातले जवळजवळ सोळा हजार निव्वळ व्याजाचे.

आता उलटी बाजू. २०२५ च्या कायद्याने १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांसाठी ग्रॅड प्लस, म्हणजे पूर्ण खर्चाइतकं मिळणारं केंद्रीय कर्ज, बंद. वैद्यकीय विद्यार्थ्याला केंद्रीय कर्ज वर्षाला ५०,००० आणि एकूण २,००,००० पर्यंतच. इथे तीन वर्षांवाला अडकू शकतो. त्याची काही शाळांतली वार्षिक फी जास्त असते, कारण उन्हाळी सत्रही त्याच वर्षात. राहण्याचा खर्च दहाऐवजी बारा महिन्यांचा. सुट्टीत कमाई शून्य. गरज वर्षाला ७०,००० आणि मर्यादा ५०,००० असेल तर वरचे २०,००० खासगी कर्जातून, तेही बहुधा जामीनदारासह. दोन लाखांची एकूण मर्यादा शिल्लक राहते आणि वापरता येत नाही.

म्हणून शाळेच्या फायनान्शियल एड कार्यालयाला एकच नेमका प्रश्न ईमेलने विचारा: "कर्जासाठी तुमचं शैक्षणिक वर्ष किती आठवड्यांचं धरता आणि उन्हाळी सत्र कोणत्या वर्षात मोजता?" वार्षिक मर्यादा कधी नव्याने सुरू होते ते यावर ठरतं. उत्तर लेखी घ्या.

शिष्यवृत्तीचे करार: काही कार्यक्रम एका वर्षाची फी देतात, काही राज्यात सेवेची अट घालतात. नॉर्थ कॅरोलायनाच्या फर्स्टमध्ये रेसिडेन्सीनंतर तीन वर्षं त्याच राज्यात काम. नॅशनल हेल्थ सर्व्हिस कोअरची केंद्र सरकारी शिष्यवृत्ती घेतली तर मदतीच्या प्रत्येक वर्षामागे एक वर्ष सेवा, किमान दोन. तीन वर्षांच्या पदवीला तीन वर्षं, चारला चार. पण मध्येच मन बदलून रेडिऑलॉजीला गेलात तर करारभंग, आणि त्याची वसुली तिप्पट अधिक व्याज. शाखा बदलण्याची पाच टक्केही शक्यता वाटत असेल तर सही करू नका.

डिसेलरेट झाल्यास: चौथ्या वर्षाची फी कोण भरणार, आधी दिलेली शिष्यवृत्ती कर्जात बदलते का, हे दोन्ही करारात शोधा. सापडलं नाही तर विचारा.

शून्यप्रहर

टाकसाळ यांचा हिशोब चोख आहे, एक बाजू राहिली. बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं की एक वर्ष आधी बाहेर पडल्याने रेसिडेंटचा एका वर्षाचा पगार जास्त मिळतो, साठ-सत्तर हजार डॉलर. हे चुकीचं मोजणं आहे. रेसिडेन्सीची तीन वर्षं दोघांनाही तितकीच. जास्तीचं वर्ष मिळतं ते पूर्ण डॉक्टर म्हणून, आणि फॅमिली फिजिशियनचा वार्षिक पगार अडीच लाखांच्या आसपास किंवा वर. निवृत्तीचं वय तेच धरलं तर फरक त्या पगाराइतका.

कर्जमाफीची पीएसएलएफ योजना (सरकारी किंवा ना-नफा नोकरीत १२० मासिक हप्ते भरल्यावर उरलेलं कर्ज माफ) घेणाऱ्यांसाठी घड्याळ एक वर्ष आधी सुरू होतं. रेसिडेन्सी ना-नफा रुग्णालयात असेल तर तिथलेच ३६ हप्ते मोजले जातात. मात्र माफी घ्यायचीच असेल तर कमी कर्जाचा फायदा तितका उरत नाही. दोन्ही फायद्यांची सरळ बेरीज मांडू नये.

अवांतर: आधीच फिजिशियन असिस्टंट असलेल्यांसाठी लेकॉमचा वेगळा तीन वर्षांचा डीओ मार्ग आहे. ज्यांनी ओपीडीत वर्षानुवर्षं रुग्ण पाहिले आहेत त्यांना पहिल्यापासून सगळं शिकवण्यात अर्थ नाही, हे तत्त्व मला या सगळ्या प्रकारात सर्वांत पटणारं वाटतं.

खडीसाखर

पैसे समजले. पण रुग्णाच्या बाजूने विचारते. चौथं वर्ष काढलं तर १ जुलैला वॉर्डात उभा राहणारा इंटर्न कच्चा नसेल का?

बोरूबहाद्दर

कच्चा असू शकतो, आणि तो कुठे कच्चा राहील हे आधी सांगता येतं.

चौथ्या वर्षात तीन प्रकारचा माल असतो. ऐच्छिक सत्रं: त्वचारोग, रेडिऑलॉजी, डोळे, कान-नाक-घसा. मुलाखती आणि प्रवास. आणि सब-इंटर्नशिप, म्हणजे चार आठवडे इंटर्नसारखं काम. पहिल्यातलं थोडं आणि दुसरं सगळं काढा, फारसं बिघडत नाही. सब-इंटर्नशिप काढली तर मात्र जुलैत हाल. औषधांच्या ऑर्डर लिहिणं, रात्री पंधरा-वीस अनोळखी रुग्णांची जबाबदारी घेणं, सकाळी दुसऱ्याच्या हवाली करताना काय सांगायचं आणि काय गाळायचं, आधी कोणाकडे धावायचं, हे पुस्तकातून येत नाही. मेडिकल शाळांची संघटना एएएमसी हिने २०१४ मध्ये रेसिडेन्सीच्या पहिल्या दिवशी यायलाच हवीत अशी १३ कामं काढली आहेत. त्यांत रुग्ण दुसऱ्याच्या हवाली करणं आहे, ऑर्डर लिहिणं आहे, तातडीचा रुग्ण ओळखणं आहे. तीन वर्षांच्या चांगल्या कार्यक्रमात सब-इंटर्नशिप शाबूत असते आणि ती जोडलेल्या रेसिडेन्सीच्याच वॉर्डात होते.

दुसरी फट क्लर्कशिपच्या रचनेत. काही ठिकाणी सहा-आठ आठवड्यांचे सुटे ब्लॉक न करता सगळ्या शाखा समांतर चालवतात: सोमवारी सकाळी बालरोग, दुपारी सर्जरी, मंगळवारी मानसोपचार, आणि रुग्णांचा एक ठरलेला गट वर्षभर विद्यार्थ्याच्या मागे. गरोदर बाई पहिल्या तपासणीला भेटते, बाळंतपणाला विद्यार्थी हजर, मग बाळाच्या लसीकरणालाही. भावी फॅमिली डॉक्टरसाठी याहून चांगलं शिक्षण नाही. पण यात रुग्णालयात दाखल, रात्रीत बिघडणारे रुग्ण कमी दिसतात. त्यामुळे मधे मधे दोन-दोन आठवडे फक्त वॉर्ड, असे तुकडे घालावे लागतात. ते घातलेत का, ते वेळापत्रकात पाहा.

ऐच्छिक सत्रांतलं जे निसटतं ते फॅमिली मेडिसिनच्या रेसिडेन्सीत बऱ्यापैकी भरून निघतं. तिथे त्वचेच्या छोट्या शस्त्रक्रिया, सांध्यातली इंजेक्शनं, स्त्रीरोग तपासण्या रोजच्याच. रेसिडेन्सींना मान्यता देणाऱ्या एसीजीएमईच्या २०२३ च्या नियमांनुसार आपल्या ठरलेल्या रुग्णांसाठी किमान १,००० तास द्यावे लागतात. तीन वर्षांवाला त्याच क्लिनिकात आधीपासून येत असेल तर फाइल कुठे असते, नर्स कोण, कोणता रुग्ण गोळ्या घेत नाही, हे त्याला जुलैच्या आधीच माहीत असतं. हा फायदा आकड्यांत दिसत नाही, म्हणून त्याची चर्चा कमी होते.

अर्धविराम

तुलनेचे जे अभ्यास छापून आले आहेत, कॅनडातले धरून, त्यांत तीन वर्षांचे पदवीधर परीक्षेत आणि रेसिडेन्सीतल्या मूल्यमापनात साधारण बरोबरीचे दिसतात. पण ते वाचताना दोन चाळण्या लावाव्यात.

पहिली: निवड. या कार्यक्रमांत येणारी मुले मुळातच पक्क्या निर्धाराची, बऱ्याचदा वयाने थोडी मोठी, आधी दुसरे काम केलेली. त्यांची सरासरी वर्गाशी तुलना करून "चौथे वर्ष निरुपयोगी" असा निष्कर्ष काढता येत नाही. शिवाय अडखळलेला विद्यार्थी चार वर्षांच्या वर्गात सरकला की तो तीन वर्षांच्या आकडेवारीत राहतो की नाही, हेही पाहावे.

दुसरी: 'प्राथमिक सेवा' म्हणजे नेमके काय मोजले. फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी केलेला बहुधा ओपीडीत टिकतो. इंटर्नल मेडिसिन केलेल्यापुढे कार्डिऑलॉजीची फेलोशिप असते, हॉस्पिटलिस्टची, म्हणजे फक्त दाखल रुग्ण पाहणाऱ्या डॉक्टरची, नोकरी असते. कार्यक्रमाच्या पत्रकात "इतके टक्के प्राथमिक सेवेच्या रेसिडेन्सीत गेले" असे असेल तर ते मॅचच्या दिवसाचे चित्र आहे. विचारायचे ते रेसिडेन्सीनंतर पाच वर्षांनी किती जण ओपीडीत बसतात. सार्वजनिक पैसा त्यासाठी खर्च होतो, मॅचच्या दिवसासाठी नव्हे.

निरगुडी

अर्धविराम, कॅनडा निघालाच आहे तर. हॅमिल्टनच्या मॅकमास्टर विद्यापीठाची पहिली तुकडी १९६९ ला सुरू झाली ती तीन वर्षांचीच, आणि कॅल्गरीही तीनवरच. तिथे हा कोणाचा खास मार्ग नाही, सगळ्या वर्गाला तोच, मग पुढे न्यूरोसर्जन व्हा की फॅमिली डॉक्टर. वर्षात अकरा महिने शिक्षण. मॅकमास्टरने सोबत समस्येभोवती छोट्या गटात शिकण्याची पद्धत रुजवली. तासन्‌तास व्याख्यानं नाहीत, त्यामुळे वेळही वाचतो.

आणि कॅनडात फॅमिली मेडिसिनची रेसिडेन्सी दोनच वर्षांची. ती तीन करायचा बेत होता, २०२३ मध्ये बारगळला. म्हणजे मॅकमास्टरचा विद्यार्थी तीन अधिक दोन अशा पाच वर्षांत फॅमिली डॉक्टर, आणि अमेरिकेतला घाईघाईने सहा वर्षांत. अमेरिकेतल्या वादात हे कोणी फारसं काढत नाही.

दवबिंदू

ज्यांच्याकडे ग्रीन कार्ड नाही त्यांना हे कार्यक्रम खुले आहेत का? आणि भारतात एमबीबीएस केलेल्यांना?

शून्यप्रहर

एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वाल्यांना केंद्रीय कर्ज मिळत नाही, आणि राज्य सरकारी शाळांपैकी बऱ्याच फक्त नागरिक व कायम रहिवासी घेतात. सेवेच्या अटीच्या शिष्यवृत्त्या तर बहुतेक नागरिकांनाच. खासगी शाळांचं प्रत्येकीचं धोरण वेगळं.

परदेशात पदवी घेतलेल्यांचा याच्याशी संबंध नाही. त्यांचा रस्ता परदेशी पदवी पडताळणाऱ्या ईसीएफएमजीचं प्रमाणपत्र, स्टेप परीक्षा आणि मॅच. थेट रेसिडेन्सी.

एक जुनी शंका परत येते म्हणून लिहितो: तीन वर्षांच्या पदवीवर परवाना मिळतो का? मिळतो, शाळा मान्यताप्राप्त असेल तर. कॅलिफोर्नियाच्या कायद्याची भाषा जुनी होती, ती २०१४ मध्ये एबी १८३८ या विधेयकाने दुरुस्त करून मान्यताप्राप्त तीन वर्षांची पदवी स्पष्टपणे आत घेतली. यूसी डेव्हिसला त्याची गरजच होती.

खडीसाखर

अर्ज कसा करतात? वेगळा की नेहमीचाच?

निरगुडी

दोन तऱ्हा. काही ठिकाणी एएमसीएएसच्या (एमडी शाळांचा सामाईक अर्ज) नेहमीच्या अर्जानंतर शाळेच्या दुय्यम अर्जात तीन वर्षांच्या वाटेची खूण करायची, वेगळा निबंध, वेगळी मुलाखत. काही ठिकाणी आधी साध्या वर्गात प्रवेश, आणि पहिल्या वर्षात पहिल्या सत्राचे गुण पाहून निवड. एफमॅट या दुसऱ्या प्रकारातला. दुसरी तऱ्हा मला विद्यार्थ्याच्या बाजूने अधिक सुरक्षित वाटते. अभ्यासाचा वेग झेपतो का ते कळल्यावर सही करता येते.

निबंधात "मला लोकांची सेवा करायची आहे" कामाचं नाही. फॅमिली मेडिसिनच का, बालरोग का नाही, गावातल्या क्लिनिकात किती तास घालवले, तिथे काय कंटाळवाणं वाटलं, हे लिहावं. मुलाखतीला रेसिडेन्सीचे लोक बसलेले असतात. सहा वर्षं हा माणूस आपल्याकडे राहील का, एवढंच त्यांना जोखायचं असतं.

बोरूबहाद्दर

आणि उलट विद्यार्थ्यानेही विचारावं. किती जण सुरू झाले आणि किती तीन वर्षांत बाहेर पडले, दोन्ही आकडे. स्टेप १ ला सलग किती दिवस मिळतात. सब-इंटर्नशिप आहे का. जोडलेल्या रेसिडेन्सीची मान्यता ठणठणीत आहे का, गेल्या दोन वर्षांत संचालक बदलला का. कारण सशर्त जागेचा शब्द बऱ्याचदा माणसाने दिलेला असतो, आणि माणूस गेला की शब्द पातळ होतो. बाळंतपण किंवा सहा आठवड्यांचं आजारपण आलं तर वेळापत्रकात कुठे शिरवणार. या शेवटच्या प्रश्नाला "बघू तेव्हा" असं उत्तर आलं तर शिल्लक आठवडे संपलेत असं समजा.

टाकसाळ

आणि ते ईमेल फायनान्शियल एडला मुलाखतीच्या आधी पाठवा, नंतर नाही. मार्च-एप्रिलात त्या कार्यालयाकडून उत्तर यायला आठवडे लागतात, आणि ३० एप्रिलपर्यंत तर एका शाळेवर ठरवायचं असतं.